प्रार्थना कीटकासाठी पेटी निवडताना: किडा मोजा, पण हिशेब पुढच्या कातीचा करा

माझा पहिला प्रार्थना कीटक (प्रेइंग मँटिस) मी माशांच्या रिकाम्या काचेच्या टाकीत ठेवला होता. टाकी दोन फूट लांब, फूटभर उंच, आणि किडा जेमतेम दीड सेंटिमीटरचा. एवढी ऐसपैस जागा दिली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. आठवड्याभरात त्याचं पोट पाठीला लागलं. सोडलेल्या फळमाश्या उजेडाच्या टोकाला गोळा व्हायच्या आणि हा दुसऱ्या टोकाला एका काडीला उलटा लटकून त्यांची वाट बघत बसायचा. खाऊने भरलेल्या टाकीत तो उपाशी होता.

त्यातून धडा घेऊन मी उलट्या टोकाची चूक केली. पुढचं पिल्लू चार सेंटिमीटरचं झालं तरी त्याला एका बुटक्या बरणीतच ठेवलं, वर हौसेने तळाला माती आणि शेवाळ घातलं. एका सकाळी बघतो तर ते अर्धं कातीत, अर्धं बाहेर, डोकं शेवाळात टेकलेलं आणि पुढचे दोन्ही पाय कोनात वाकून वाळलेले. ज्या पायांनी शिकार धरायची तेच गेले, म्हणजे सगळंच गेलं.

पहिला जागा जास्त झाल्यामुळे खंगला, दुसरा कमी पडल्यामुळे गेला. तेव्हापासून पेटी निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: याची पुढची कात इथे सुखरूप पडेल का? बाकी सगळं त्यानंतर.

कात पडते तेव्हा काय होतं

उंचीचा सगळा हिशेब या पाऊण तासात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

प्रार्थना कीटक अंड्यातून निघाल्यापासून पंख फुटेपर्यंत जातीप्रमाणे साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकतो. मादी बहुतेक जातींत नरापेक्षा एखाद-दुसरी जास्त टाकते. वेळ जवळ आली की तो खाणं सोडतो, सुस्तावतो, आणि छताला मधल्या नि मागच्या पायांच्या नख्या रोवून उलटा लटकतो. मग मानेमागची कातडी उकलते. त्या फटीतून आधी पाठीचा फुगीर भाग येतो, पाठोपाठ डोकं. मिशा म्हणजे सुईतून दोरा ओढावा तशा हळूहळू सुटतात. मग पाय. हे सगळं होतं ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने, खाली घसरत घसरत. शेवटी दृश्य असं असतं: वर छताला रिकामी कात, तिच्या टोकाला फक्त पोटाचं टोक अडकलेलं, आणि अख्खा नवा किडा डोकं खाली करून हवेत लोंबतोय. पाय ओल्या धाग्यासारखे मऊ. तो तसाच काही मिनिटं निपचित राहतो. पायांत जरा कडकपणा आला की एकदम कंबरेतून उसळी घेतो, वळतो, स्वतःचीच कात धरून वर चढतो आणि पोट सोडवून घेतो.

आता मोजा. वर जुनी कात, म्हणजे एक लांबी. खाली नवा किडा, आणि तो जुन्यापेक्षा मोठा. किती मोठा याचं उत्तर गंमत म्हणजे याच कुळातल्या किड्यावर शोधलं गेलं. व्हिएन्नातले प्राणिशास्त्रज्ञ हान्स प्रझिब्राम यांनी 1912 मध्ये आपल्या सहकाऱ्यासोबत स्फोड्रोमँटिस जातीच्या प्रार्थना कीटकांची कातीगणिक मापं प्रसिद्ध केली. त्यातून निघालेला ठोकताळा असा की दर कातीला वजन साधारण दुप्पट होतं आणि लांबी सुमारे 1.26 पट. प्रत्येक किडा काटेकोरपणे हा आकडा पाळत नाही, पण पेटीच्या हिशेबाला तो पुरतो.

म्हणजे लोंबकळताना लागणारी उंची झाली 1 + 1.26, अर्थात सव्वादोन लांबीपेक्षा थोडी जास्त. त्यात ती उसळी, थोडं झुलणं आणि छताच्या जाळीचं झोळ धरा. पाळणारे सगळीकडे सांगतात तो “उंची किड्याच्या तिप्पट” हा नियम इथून जुळतो. तिप्पट म्हणजे कमीत कमी, त्याखाली जाऊ नका.

आधी किडा मोजा

डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंतची लांबी घ्यायची. मिशा धरायच्या नाहीत, पुढे ताणलेले पाय धरायचे नाहीत, पंख पोटाच्या बाहेर आले असतील तर तेही नाहीत. किडा हातात धरून मोजायच्या भानगडीत पडू नका. तो पेटीच्या भिंतीला किंवा छताला असताना बाहेरून फूटपट्टी लावा, नाहीतर शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. पोट भरलेलं असेल तर ते ताणलेलं असतं, तेव्हा दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे होणारच. जास्तीचा आकडा धरा.

मग पेटीची खरी उंची काढा

बहुतेक जण इथे फसतात. पेटीवर लिहिलेली उंची बाहेरची असते. किड्याला मिळते ती लटकायच्या जागेपासून खालच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतची.

समजा पिल्लू 5 सेंटिमीटरचं आहे. तिपटीने 15 सेंटिमीटर हवेत. तुमची पेटी 18 ची, म्हणून तुम्ही निर्धास्त. पण झाकणाची कड आत 1 सेंटिमीटर उतरते, तळाला 2 सेंटिमीटर माती आहे, तिच्यावर 3 सेंटिमीटर शेवाळ. उरले 12. त्यात मध्येच आडवी काडी असेल तर 6. कागदावर पेटी पास आणि प्रत्यक्षात नापास.

म्हणून मी कागदाच्या पट्टीने तपासतो. किड्याच्या तिप्पट लांबीची बोटभर रुंद पट्टी कापायची, झाकणाला आतून चिकटवायची, झाकण लावायचं आणि पेटी हलकेच हलवायची. पट्टी कुठेही टेकली, घासली, अडली तर तिथलं सामान काढायचं. छतावर निदान दोन-तीन ठिकाणी ही पट्टी मोकळी लोंबली पाहिजे, कारण कुठे लटकायचं ते तुम्हाला विचारून ठरत नाही. आणि काही किडे छताऐवजी काडी पसंत करतात, तेव्हा ज्या काडीवर तो सदैव बसलेला दिसतो तिच्याखालीही हीच पट्टी लावून बघा.

काड्या उभ्या किंवा तिरक्या, एका भिंतीला टेकवून ठेवल्या की हा प्रश्न बराचसा सुटतो. मधली जागा मोकळी. सजवलेल्या पेटीपेक्षा ती ओकीबोकी दिसते, त्याला इलाज नाही.

रुंदी आणि खोली

दोन्ही किड्याच्या लांबीच्या दुप्पट. किड्याला वळता यावं, पाय पसरता यावेत आणि लोंबकळताना भिंतीला घासू नये एवढ्यासाठीच. चौरस तळाची उभी पेटी सर्वात सोयीची. आडव्या, लांबट पेट्या सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ठीक, या प्राण्याचा संसार छतावर असतो. शेवटच्या कातीच्या वेळी मात्र रुंदीत काटकसर नको. त्या वेळी चुरगळलेले पंख काही मिनिटांत फुलून खाली लोंबतात. ते सुकण्याआधी भिंतीला टेकले तर सुरकुतलेलेच राहतात.

मोठी पेटी का चालत नाही

मोठी पेटी म्हणजे जास्त माया असं आपल्याला वाटतं. हा प्राणी मात्र दबा धरून बसणारा आहे. शिकार पाय पोचेल इतकी जवळ आली की झडप. पाठलाग तो क्वचितच करतो. दीड सेंटिमीटरच्या पिल्लाला मोठ्या टाकीत माशी समोरून जाण्याची वाट बघावी लागते. शिवाय पिल्लू तुम्हालाच सापडत नाही, ते जेवलं की नाही कळत नाही, फवारलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोचलं का तेही नाही. न खाल्लेला रातकिडा कोपऱ्यात दडून बसतो तो वेगळाच. कात टाकताना मऊ झालेल्या किड्याला हे रातकिडे कुरतडतात.

माझा अंदाज असा: पिल्लू 2 सेंटिमीटरच्या आत आहे तोवर उंची त्याच्या आठ-दहापटीच्या पलीकडे नेऊ नये. मोठ्या किड्याला चिमट्याने भरवत असाल तर जरा मोठी पेटी चालून जाते. पण खूप उंच पेटीतून अंड्यांनी भरलेली जड मादी कडक तळावर पडली तर तिचं पोट फुटू शकतं. तेव्हा 9 सेंटिमीटरच्या मादीला हातभर उंच काचेचा महाल देण्यात शहाणपण नाही. द्यायचाच असेल तर तळाला मऊ काहीतरी अंथरा.

आयुष्यभरात तीन पेट्या

1.26 × 1.26 × 1.26 केलं की जवळजवळ 2 येतात. दर तीन कातींनी किडा लांबीला दुप्पट होतो, आणि पेटीही साधारण तेव्हाच बदलावी लागते. मोठ्या जातीच्या किड्यासाठी मी तीन मापं ठेवतो.

पहिला, 250 मिलीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कप, 8 सेंटिमीटर उंच. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटरचं असतं, ते अडीच सेंटिमीटरपर्यंत इथे राहतं. झाकणाचा मधला भाग कापून तिथे मच्छरदाणीचं कापड चिकटवलं की छतही झालं आणि हवेची सोयही. तळाला टिपकागद. माती-शेवाळ या वयात नकोच, कारण त्यात माश्या लपतात. जाळीची छिद्रं फळमाशी निसटणार नाही एवढी बारीक असावीत.

दुसरी पेटी 15 सेंटिमीटर उंच, 10 बाय 10 तळाची. अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंतचा काळ इथे जातो. लहान जातींची तर ही शेवटचीच पेटी.

तिसरी 30 सेंटिमीटर उंच, 20 बाय 20. नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंतच्या कोणत्याही किड्याला मरेपर्यंत पुरते.

मधलं माप हाताशी नसेल तर थोडं मोठं घ्या, लहान घेऊ नका. उपासमारीवर चिमट्याने भरवण्याचा उपाय आहे, वाकड्या कातीवर नाही.

जात बघून

शेवटची पेटी प्रौढ किड्याच्या लांबीवरून आधीच ठरवता येते. ऑर्किड मँटिसची मादी 6–7 सेंटिमीटरची, म्हणजे 20–21 उंच आणि 14 रुंद पुरे. तिचा नर जेमतेम 3 सेंटिमीटरचा! एकाच अंडकोशातल्या (अंड्यांच्या एकाच पुंजक्यातल्या) बहीण-भावाला दोन मापांच्या पेट्या लागतात, आणि नराला मादीची पेटी दिली तर त्यात तो हरवून जातो. वाळक्या पानासारखा दिसणारा घोस्ट मँटिस 5 सेंटिमीटरच्या आसपास, त्याला 15 बाय 10 बाय 10. क्रिओब्रोटरसारखी फुलांवरची छोटी जात 4 सेंटिमीटरची, 12 उंचीत ती सुखात राहते. हायरोड्युलाच्या मोठ्या जातींची मादी 9 सेंटिमीटरच्या घरात जाते, तिला तिसरी पेटी.

इडोलोमँटिस या मोठ्या जातीच्या भानगडीत नवख्याने पडू नये. मादी 12–13 सेंटिमीटरची, म्हणजे 40 सेंटिमीटर खरी उंची. तिची पकड गुळगुळीत पृष्ठभागावर टिकत नाही, म्हणून भिंतीही जाळीच्याच लागतात, वर उष्णताही भरपूर. व्हायोलिनसारख्या अंगाचा गाँगायलस तसा लांब, पण तो उडती शिकार धरतो. माश्यांना उडायला जागा हवी म्हणून त्याला तिपटीच्या हिशेबापेक्षा मोठीच पेटी द्यावी.

छत

पेटीचं माप बरोबर आणि छत गुळगुळीत असेल तर सगळी मेहनत वाया. कात टाकताना किड्याचं अख्खं वजन जुन्या कातीच्या नख्यांवर असतं. त्या निसटल्या की मऊ किडा तळावर आपटतो. काच आणि कडक प्लॅस्टिक छताला चालत नाही. कापडी जाळी उत्तम. मोठ्या छिद्रांच्या तारेच्या जाळीत पायाची टोकं अडकतात, आणि काही किडे ती चावत बसून तोंडाला इजा करून घेतात, म्हणून धातूची जाळी असेल तर तिला आतून मऊ जाळी चिकटवा. गोंद पूर्ण वाळून वास गेल्यावरच किडा आत सोडायचा. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत जाळीची पट्टी लावली तर पडलेला किडा परत वर चढू शकतो. ही पट्टी स्वस्तातला विमा आहे.

दार कुठे?

समोर किंवा बाजूला. वरचं झाकण उघडणारी पेटी घेतली की रोज तुम्ही किड्याचं घरच उचलताय, कारण तो त्या झाकणालाच लटकलेला असतो. कात चालू असताना चुकून झाकण उचललं तर काय होईल ते सांगायला नको. वरच उघडणारी बरणी असेल तर भिंतीला खालच्या बाजूला बोटभर भोक पाडा, त्यात स्पंजचा बोळा बसवा आणि माश्या तिथूनच सोडा.

हवा, ओल आणि आकार

लहान कपात ओल टिकते आणि हवा कोंडते, मोठ्या जाळीदार पेटीत हवा खेळते आणि ओल उडून जाते. त्यामुळे पेटी बदलली की फवारणीचं वेळापत्रकही बदलावं लागतं, हे बरेच जण विसरतात. कपात आठवड्यातून दोन-तीनदा हलकं फवारलेलं पुरत होतं, तोच किडा जाळीच्या पेटीत गेला की रोज फवारावं लागतं. फार कोरड्या हवेत कात अंगाला चिकटते, फार कोंदट हवेत बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पेटीला छताशिवाय एका भिंतीतही खाली जाळीची खिडकी असली की हवा आरपार वाहते. फवारल्यावर काही तासांत भिंती सुकत नसतील तर खिडकी मोठी करा.

दोघांना एक मोठी पेटी?

नाही. जागा दुप्पट केल्याने भूक दुप्पट सहनशील होत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं पहिल्या एक-दोन कातींपर्यंत एकत्र राहतात, मग एकमेकांना खायला लागतात. घोस्ट मँटिस आणि गाँगायलस हे त्यातल्या त्यात समंजस, तेही पोटभर खाणं आणि सारख्या आकाराची भावंडं असतील तरच. त्यांचा गट ठेवायचा तर उंची सर्वात मोठ्या किड्यावरून धरा आणि छताचं क्षेत्रफळ किड्यागणिक वाढवा, म्हणजे एकाची कात पडताना दुसरा त्याच्या अंगावरून चालणार नाही.

अंडकोश टांगायचा असेल तेव्हाही खालची जागा लागते. पिल्लं त्यातून निघताना बारीक धाग्यांनी खाली लोंबतात आणि तिथेच पहिली पातळ कात टाकतात. अंडकोशाखाली निदान 5–6 सेंटिमीटर मोकळे सोडा. मोठ्या जातींत एका वेळी शे-दोनशे पिल्लं निघतात, तेव्हा कप आधीच तयार ठेवलेले बरे.

पंख फुटल्यावर

प्रौढ किडा पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे तिपटीचा नियम आता सैल होतो. तरी मी पेटी बदलत नाही. मादीला अंडकोश चिकटवायला काडी किंवा छताचा कोपरा हवा असतो, आणि नर उडायला लागतो. सडपातळ नर अरुंद पेटीत भिंतींवर धडका देऊन पंखांच्या कडा फाडून घेतो, म्हणून त्याला रुंदी थोडी जास्त दिली तर चांगलं.

नव्या पेटीत हलवताना

वेळ निवडा: कात पडून दोन-तीन दिवस झालेले, किडा पुन्हा खायला लागलेला. खाणं सोडलेल्या किड्याला हलवू नका. पाठीवरचे पंखांचे उंचवटे फुगलेले दिसले तर शेवटची कात जवळ आली आहे. तेव्हा पेटी कितीही तोकडी वाटली तरी खालचं शेवाळ आणि काड्या हळूच काढून उंची वाढवा आणि त्याला त्याच्या जागी राहू द्या.

एरवी ओढाताण करायची गरजच नसते. जुन्या पेटीचं दार उघडा, नव्या पेटीचं दार त्याच्या वर धरा, आणि मागून पायांना रंगकामाचा मऊ ब्रश हलकेच लावा. त्याला वर चढायची उपजत सवय आहे. एक पाय टाकेल, थांबेल, झाडाच्या पानासारखा डुलेल, पुन्हा एक पाय टाकेल. यात पाच-दहा मिनिटं जातात. तो छतापर्यंत पोचून उलटा झाला की दार लावा, आणि त्या दिवशी त्याला खायला न देता तसंच राहू द्या.